टॅग बोलतो, पण कुणाला विचारून?

बालमित्रांनो, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून तुम्ही गाडीने कधी गेला असाल, तर समोरच्या काचेवर आतून चिकटवलेली एक चिठ्ठी नक्की पाहिली असेल. तिला फास्टॅग म्हणतात. २०२१ च्या फेब्रुवारीपासून ती चारचाकी गाड्यांना सक्तीची झाली. टोलनाक्यावर गाडी जरा हळू होते, वर बसवलेल्या यंत्राला चिठ्ठीचा नंबर कळतो, आडवा दांडा वर जातो आणि थोड्याच वेळात बाबांच्या मोबाईलवर 'टुंग' असा आवाज होतो. बँकेचा मेसेज! अमुक नाक्यावर अमुक रुपये कापले.

आता अशी कल्पना करा, की तो मेसेज एकट्या बाबांना न येता तुमच्या सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. 'यांची गाडी आत्ता खालापूरचा टोलनाका ओलांडून पुढे गेली.' पुण्याची आत्या म्हणेल, "अरे वा, निघालात का? मी कुकर लावते." पण खोपोलीचे मामा म्हणतील, "आमच्या दारावरून गेलात आणि साधे चहालाही थांबला नाहीत?" झाली ना पंचाईत!

चिठ्ठी तीच, नंबर तोच, नाकाही तोच. ऐकणारे तेवढे बदलले. आणि तेवढ्याने आत्या खूश झाली, मामा रुसले. आज मला तुमच्याशी याच विषयावर बोलायचं आहे. वस्तूंना लावलेले असे मुके टॅग फेसबुक, टेलिग्राम यांसारख्या समाजमाध्यमांना जोडले की काय होतं? ते जोडतात कसे? आणि जोडण्याआधी कुणाला विचारायला हवं?

आधी टॅग म्हणजे काय ते पाहू. देवळाबाहेर चपला ठेवल्या की आपल्याला एक बिल्ला मिळतो. त्यावर नुसता आकडा असतो, समजा ४७. त्या बिल्ल्याला तुमचं नाव माहीत नसतं, चपलेचा रंग माहीत नसतो. '४७' एवढंच तो सांगू शकतो. ४७ नंबरच्या खणात कुणाच्या चपला आहेत, हे चपलावाल्या मावशींना ठाऊक. टॅगचं अगदी तसंच आहे. त्याच्या पोटात एक चिमुकली चिप असते, चिपभोवती तारेची वेटोळी असतात, आणि चिपमध्ये एक नंबर लिहिलेला असतो. अशा टॅगच्या तंत्राला आरएफआयडी म्हणतात, म्हणजे 'रेडिओ फ्रीक्वेन्सी आयडेंटिफिकेशन'. रेडिओलहरींनी ओळख पटवणं, असं आपण म्हणू.

गंमत अशी, की बहुतेक टॅगमध्ये बॅटरी नसते. मग तो बोलतो कसा? तर वाचणारं यंत्र, म्हणजे रीडर, सतत रेडिओलहरी सोडत असतं. मेट्रोच्या कार्डासाठी किंवा वाचनालयाच्या टॅगसाठी वापरतात त्या लहरी सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा हेलकावे घेतात. टॅग जवळ आला की त्याच्या वेटोळ्यांत त्या लहरींमुळे थोडीशी वीज तयार होते. तेवढ्या विजेवर चिप जागी होते, आपला नंबर सांगते आणि दूर गेली की पुन्हा झोपते. कार्डाला रीडरपासून चार-पाच सेंटिमीटरवर आणावं लागतं. फास्टॅगची जात निराळी. तो काही मीटरवरूनही वाचता येतो. हा फरक लक्षात ठेवा बरं का, पुढे लागणार आहे.

बॅटरीशिवाय बोलणाऱ्या वस्तूची एक जुनी गोष्ट तुम्हांला आवडेल. १९४५ साली मॉस्कोमध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेचे राजदूत अॅव्हरेल हॅरिमन यांना एक सुंदर लाकडी भेट दिली. अमेरिकेचं राजचिन्ह त्यावर कोरलेलं होतं. राजदूतांच्या निवासस्थानी ते भिंतीवर लावण्यात आलं. त्याच्या आत एक गुप्त यंत्र दडवलेलं होतं. ते बनवलं होतं लेव थेरेमिन या शास्त्रज्ञाने. त्यात ना बॅटरी होती, ना वीज नेणारी तार. बाहेरून कुणी रेडिओलहरींचा झोत टाकला, की खोलीतलं बोलणं त्या लहरींवर स्वार होऊन बाहेर जायचं. झोत बंद, की यंत्र गप्प! त्यामुळे ते सापडायला १९५२ साल उजाडलं. आजचे टॅग संभाषण ऐकत नाहीत, ते नंबरच सांगतात. पण दुसऱ्याच्या लहरींवर जागं होऊन उत्तर देण्याची युक्ती तीच. म्हणून पुष्कळ जण त्या लाकडी भेटीला टॅगचे आजोबा मानतात. ज्याच्या भिंतीवर ते यंत्र होतं, त्याला मात्र ते बोलतंय हे सात वर्षं ठाऊक नव्हतं!

आता समाजमाध्यमांकडे वळू. टॅगने नंबर सांगितला, रीडरने तो ऐकला. पुढे काय करायचं ते संगणकातला प्रोग्राम ठरवतो. तो नंबर यादीत शोधतो, समोरचं नाव उचलतो आणि एक वाक्य तयार करतो. ते वाक्य टोलच्या हिशेबात जाऊ शकतं, शाळेच्या हजेरीत जाऊ शकतं, किंवा इंटरनेटवरून फेसबुकच्या पानावरही जाऊ शकतं. फेसबुकने स्वतःच २०१० च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आपल्या परिषदेत पाहुण्यांना असे टॅग दिले होते. जागोजागी ठेवलेल्या रीडरला टॅग टेकवला, की 'मी इथे आलो आहे' अशी नोंद त्या पाहुण्याच्या फेसबुक पानावर आपोआप व्हायची.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इस्रायलमध्ये कोका-कोला कंपनीने किशोरवयीन मुलांसाठी सुट्टीचं शिबिर भरवलं. प्रत्येक मुलाच्या मनगटावर टॅग असलेली पट्टी होती, आणि पट्टी त्याच्या फेसबुक खात्याशी जोडलेली होती. पोहण्याचा तलाव आवडला? टेकवा पट्टी! खेळ आवडला? टेकवा पट्टी! लगेच 'याला हे आवडलं' असं त्याच्या मित्रांना दिसायचं. त्या वेळच्या बातम्यांनुसार तीन दिवसांच्या एका शिबिरात सुमारे ६५० मुलं असत आणि पोस्ट ३५,००० पर्यंत जात. भागाकार करून पाहा. एकेका मुलामागे पन्नासच्या वर! मुलांना मजा आली आणि कंपनीची फुकटात जाहिरात झाली. प्रत्येक पोस्ट मुलाच्या नावाने जात होती, आणि तिच्यात कंपनीचंही नाव होतं. हा व्यवहार तुम्ही नीट समजून घ्या. त्यात चोरी नव्हती, मुलं स्वतः पट्टी टेकवत होती. पण आपण खेळत असताना आपल्या नावाने कोण काय मिळवतंय, एवढं माहीत असावं.

हौशी माणसंही मागे नव्हती. २००९ च्या सुमारास एका मांजरवेड्या माणसाने घराच्या दारात मांजरांसाठी छोटं झडपेचं दार बसवलं. मांजरांच्या गळ्यात टॅग, दाराला रीडर. मांजर आत आली किंवा बाहेर गेली, की ट्विटरवर, म्हणजे आजच्या एक्सवर, तिच्या नावाने मेसेज आणि फोटो! मांजरांनी काही तक्रार केली नाही. त्यांना कुठे वाचता येतं?

पण माणसांना वाचता येतं. आणि तिथूनच खरी गोष्ट सुरू होते.

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक छोटं वाचनालय आहे. दोन लोखंडी कपाटं, एक सतरंजी, आणि रविवारी सकाळी दहा ते बारा अशी वेळ. पुस्तकांची नोंद एका लांबट वहीत व्हायची. सातवी ते नववीतल्या चार-पाच मुलांच्या मनात आलं, की ही वही जावी आणि यंत्र यावं. मला इलेक्ट्रॉनिक्सचा जुना नाद आहे, म्हणून ती माझ्याकडे आली. "काका, आपण पुस्तकांना टॅग लावू या ना! डाग द्यायचं काम तुमचं, प्रोग्राम आमचा."

सामान फार लागलं नाही. शे-दीडशे रुपयांचा रीडर, वायफाय असलेली काड्यापेटीएवढी एक इलेक्ट्रॉनिक पाटी, पुस्तकांना चिकटवायचे टॅग आणि मुलांसाठी कार्डं. मेसेज पाठवायला त्यांनी टेलिग्राम निवडलं. २०१५ पासून टेलिग्रामवर कुणालाही स्वतःचा 'बॉट' बनवता येतो. बॉट म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामने चालवलेलं खातं. 'बॉटफादर' नावाच्या खात्याशी दोन-चार मेसेजांची देवाणघेवाण केली, की तो नवा बॉट करून देतो आणि एक लांबलचक गुप्त किल्ली देतो. ती किल्ली घराच्या किल्लीसारखी जपायची, नाहीतर कुणीही तुमच्या बॉटच्या तोंडून बोलू शकेल. ग्रुप पालकांच्या मोबाईलवर केला.

आणि काय सांगू, पहिल्या रविवारी धमाल उडाली! आधी कार्ड टेकवायचं, मग पुस्तक टेकवायचं. 'पीं' आवाज झाला, की ग्रुपवर मेसेज: 'अमक्याने अमुक पुस्तक घरी नेलं.' सातवीतल्या एका मुलाचे आजोबा साताऱ्याला असतात. ते निवृत्त शिक्षक. त्यांनाही ग्रुपमध्ये घेतलं होतं. नातवाने पुस्तक नेलं, की तासाभरात त्यांचा फोन यायचा, "मी वाचलंय हो ते. कुठवर आलास?" त्या फोनसाठी तो मुलगा भराभर वाचू लागला. टॅग आणि समाजमाध्यम जोडण्याचा याहून चांगला उपयोग मी तरी पाहिलेला नाही.

मग तिसऱ्या की चौथ्या रविवारी आठवीतल्या एका मुलीने पुस्तक नेलं. ती इंग्रजी माध्यमातली. मराठी बोलते झकास, पण वाचताना अडखळते. म्हणून तिने मोठ्या टायपातलं, चित्रांचं, अगदी लहान मुलांचं पुस्तक उचललं. आपलं आपण हळूहळू वाचावं, हा विचार. 'पीं' झालं. तिचं नाव आणि त्या पुस्तकाचं नाव साठ-सत्तर मोबाईलवर गेलं. खाली कुणीतरी हसणारा चेहरा टाकला. मग दुसऱ्याने टाकला. कुणी वाईट मनाने टाकला असेल, असं मला वाटत नाही. पण पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आली, पण पुस्तक नेलं नाही. सतरंजीवर कोपऱ्यात बसून तेच पुस्तक वाचत राहिली आणि बारा वाजता कपाटात ठेवून गेली.

तिसऱ्या वेळी तिने मला हळूच विचारलं, "काका, माझं नाव न येता पुस्तक नेता येईल का?"

मी तिला म्हटलं, "प्रोग्राम तुझ्या मित्रांनी लिहिलाय. त्यांनाच विचार. मी तुझ्याबरोबर येतो." तिने विचारलं. मग सतरंजीवर मुलांची सभा भरली. ती सभा तुम्ही ऐकायला हवी होती! एक म्हणाला, "ग्रुपच बंद करू." लगेच साताऱ्याच्या आजोबांचा नातू उठला, "वा रे वा! मग माझ्या आजोबांना कसं कळणार?" दुसरी म्हणाली, "नाव गाळू. नुसतं 'हे पुस्तक आज घरी गेलं' असं येऊ दे." तेही आजोबांच्या नातवाला पटेना. मग नववीतली मुलगी म्हणाली, "एक बटण बसवू. हिरवं. दाबलं तर मेसेज जाईल, नाही दाबलं तर नाही."

इथे एक बारीकशी, पण फार मोलाची चर्चा झाली. कुणीतरी सुचवलं, "उलट करू. मेसेज जाऊच दे. ज्याला नको, त्याने लाल बटण दाबावं." दोन्ही सारखंच नाही का वाटत? पण त्या मुलीने सांगितलं, "सारखं नाही. लाल बटण दाबलं की रांगेतल्या सगळ्यांना दिसेल, की हिला काहीतरी लपवायचंय. आणि विसरलं कुणी, तर मेसेज जाणारच. विसरलेल्या माणसाचं नुकसान का?" सभेला ते पटलं. मी हिरव्या बटणाला डाग दिला. वाचनालयाच्या यादीत नोंद होतेच, पुस्तक हरवू नये म्हणून. पण ती यादी फक्त वाचनालय सांभाळणाऱ्या ताईंना दिसते. गावाला सांगायचं, तर हिरवं बटण.

साताऱ्याला फोन अजून जातात आणि येतात. ती आठवीतली मुलगी हिरवं बटण दाबत नाही. पण दर रविवारी पुस्तक नेते.

मघाशी तुम्हांला एक फरक लक्षात ठेवायला सांगितला होता. काही टॅग जवळ न्यावे लागतात, काही लांबूनही वाचले जातात. कार्ड टेकवण्यासाठी तुम्ही हात पुढे करता. हात पुढे करणं म्हणजे एक प्रकारे 'हो' म्हणणंच. पण दारातून नुसतं जाताना टॅग वाचला गेला, तर तुम्ही 'हो' कधी म्हणालात? म्हणून लांबून वाचल्या जाणाऱ्या टॅगच्या बाबतीत विचारणं आधीच व्हायला हवं. मॅरेथॉनचं उदाहरण घ्या. १९९६ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये धावपटूंच्या बुटांना टॅग लावले होते. आता तो बहुधा छातीवरच्या नंबराच्या मागे असतो. वाटेतल्या चटईवरून धावपटू गेला, की वेळ नोंदली जाते, आणि घरची मंडळी मोबाईलवर बघतात, 'पोहोचली एकविसाव्या किलोमीटरला!' तिथे धावणाऱ्याने अर्ज भरतानाच ते मान्य केलेलं असतं, आणि शर्यत संपली की टॅगचं काम संपतं.

याच्या उलट गोष्ट अमेरिकेतल्या टेक्सास राज्याची. सॅन अँटोनियो शहरातल्या नॉर्थसाइड विभागाने २०१२ साली आपल्या दोन शाळांतल्या सुमारे ४,२०० मुलांना टॅग असलेली ओळखपत्रं दिली. मूल शाळेच्या आवारात कुठे आहे, ते त्यावरून कळायचं. सरकारकडून मिळणारे पैसे हजेरीवर ठरत, म्हणून हा खटाटोप. ती माहिती समाजमाध्यमावर जात नव्हती, शाळेतच राहत होती. तरीही काही मुलांनी आणि पालकांनी विरोध केला. एका विद्यार्थिनीचं प्रकरण कोर्टात गेलं. तिथे निकाल तिच्या बाजूने लागला नाही. पण २०१३ साली शाळांनीच ती योजना सोडून दिली.

आपल्याकडेही याचा विचार झालेला आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी निकाल दिला, की खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी कायदा मंजूर केला. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी आई-वडिलांची संमती घ्यावी, असं त्यात म्हटलं आहे. पालकांनो, म्हणून एक विनंती तुम्हांलाही. आपलं मूल स्कूलबसमध्ये चढल्याचा मेसेज तुमच्या मोबाईलवर यावा, ही इच्छा स्वाभाविक आहे. पण तोच मेसेज तीनशे जणांच्या ग्रुपवर जात असेल, तर तुमचं मूल रोज किती वाजता कुठे असतं, हे तीनशे घरांना कळतं. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी हे जरूर विचारा. आणि मुलालाही विचारा. सही तुमची असली, तरी नाव त्याचं आहे.

बालमित्रांनो, या रविवारी एक काम करा. घरात किती टॅग आहेत, ते मोजा. मेट्रोचं कार्ड, बँकेचं टेकवायचं कार्ड, सोसायटीच्या फाटकाची चकती, गाडीचा फास्टॅग, शाळेचं ओळखपत्र. मोठ्या दुकानातून आणलेल्या कपड्यांच्या कागदी लेबलमध्येही कधीकधी तो सापडतो. लेबल उजेडासमोर धरलंत, तर आतली चकचकीत वेटोळी दिसतील. मग वहीत प्रत्येक टॅगपुढे तीन प्रश्न लिहा. याला कोण वाचतं? याच्या नंबरापुढे माझं नाव कुणाच्या यादीत आहे? आणि ही बातमी कुणाकुणाला जाते? एखाद्या प्रश्नाचं उत्तर घरात कुणालाच आलं नाही, तर ज्यांनी तो टॅग दिला त्यांना जाऊन नम्रपणे विचारा.

आणि तुमच्यापैकी कुणी स्वतः असं यंत्र बनवणार असेल, तर जरूर बनवा! बनवताना फार शिकायला मिळतं. फक्त मेसेज पाठवणारी ओळ लिहिण्याआधी तारा जोडून एक हिरवं बटण बसवा.